स्वस्तातलं एनॅमलचं बिडाचं भांडं: घेताना आणि वापरताना

रोजच्या स्वयंपाकासाठी एनॅमलचं बिडाचं भांडं घ्यावं का, आणि नावाजलेलं परवडत नसेल तर स्वस्तातलं कसं पारखावं, याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: नावाजलेल्या कंपनीच्या आणि स्वस्त भांड्याच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक असतो. शिजण्यात तेवढा फरक पडतो का?

जवळजवळ नाही. बीड म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त कार्बन असलेलं ओतीव लोखंड. ते कुणीही ओतलं तरी उष्णता धरून ठेवण्याची त्याची ताकद तीच राहते. त्यावर काचेची बारीक पूड पसरून भट्टीत साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळवली की जो थर बसतो तो एनॅमल. म्हणजे भांडं लोखंडाचं असलं तरी अन्नाला लागते ती काच. आंबट टोमॅटो घाला की व्हिनेगर, लोखंडाची चव उतरत नाही आणि तेल पाजून भांडं मुरवण्याची भानगडही नसते. एवढं काम स्वस्त भांडंही करतं.

जास्तीचे पैसे जातात ते दुसऱ्याच गोष्टींवर. एनॅमलचे थर किती आणि किती एकसारखे, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, काठ कसा घासलाय, झाकण किती नेमकं बसतं, सदोष भांडी कारखान्यातच किती काटेकोरपणे बाजूला काढली जातात, रंगांची निवड आणि हमीची मुदत. यांतल्या रंगाचा आणि नावाचा स्वयंपाकाशी संबंध नाही. एनॅमलचा आणि झाकणाचा मात्र आहे, आणि या दोन्ही गोष्टी हातात घेऊन तपासता येतात.

भांडं कुठे बनलं यावरून निर्णय घेऊ नका. फ्रान्सची ल क्रूझे १९२५ पासून एनॅमलची बिडाची भांडी बनवते आणि तिचं काम उत्तम असतं, यात वाद नाही. पण अमेरिकेतल्या लॉज या १८९६ पासूनच्या कंपनीचं उदाहरण पाहा. तिची साधी काळी बिडाची भांडी अमेरिकेत ओतली जातात आणि परवडणारी एनॅमलची भांडी बरीच वर्षं चीनमध्ये बनून येतात. ती लोक वर्षानुवर्षं वापरतात. एकाच देशातून चांगला माल येतो तसा वाईटही येतो. समोरचं भांडं कसं आहे, एवढंच पाहायचं.

प्रश्न: घरात चार माणसं आहेत. किती मोठं घ्यावं? गोल की लांबट?

गोल, २४ सेंटिमीटरचं.

भांड्याचा व्यास काठापाशी मोजतात. २० सेंमीच्या गोल भांड्यात साधारण २.४ लिटर मावतं, २२ मध्ये ३.३, २४ मध्ये ४.२, २६ मध्ये ५.३ आणि २८ मध्ये ६.७ लिटर. कंपनीगणिक हे थोडं पुढेमागे होतं. पण हा आकडा काठोकाठ भरल्याचा असतो. ढवळायला आणि उकळीला जागा सोडली तर त्यातला पाऊण भागच कामाचा. म्हणजे २४ सेंमीच्या भांड्यात ३ लिटर रस्सा. माणशी ३५० मिली धरले तर चार जणांचं दोन वेळचं होतं. दोघांसाठी २० किंवा २२ पुरतं. पाहुण्यांचा विचार करून २८ चं घेणारे पुष्कळ असतात आणि मग ते फडताळातच राहतं, कारण उचलवत नाही.

वजनाचा विचार आधी करा. २४ सेंमीचं भांडं झाकणासकट साडेचार ते पाच किलो भरतं. स्वस्त भांड्यांची भिंत बरेचदा जाड ठेवलेली असते, त्यामुळे त्याच मापाचं स्वस्त भांडं आणखी जड निघू शकतं. त्यात तीन लिटर अन्न म्हणजे आठ किलो, तेही गरम आणि दोन्ही हातांनी शरीरापासून लांब धरून उचलायचं. घेण्याआधी एका बादलीत आठ लिटर पाणी घ्या आणि ती दोन्ही हातांनी ओट्याच्या उंचीपर्यंत चार-पाच वेळा उचलून ठेवा. मनगटं दुखली तर एक माप खाली या.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काठापाशी २४ सेंमी असलेलं भांडं बुडाशी १८ ते २० सेंमीच सपाट असतं, कारण भिंत खाली गोलावत जाते. कांदा किंवा मांस परतायला ही सपाट जागाच कामाला येते. दोन भांडी सारख्या लिटरची असतील तर सपाट बूड मोठं असलेलं घ्या. जेमतेम जागेत खूप ऐवज घातला की तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

लांबट भांडं गोल आचेवर ठेवलं की दोन्ही टोकं थंड राहतात. बीड उष्णता धरून ठेवतं, पण ती आडवी पसरवण्यात मंद असतं, ॲल्युमिनियमच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकंच. लांबट भांडं ओव्हनमध्ये चांगलं, शेगडीवर नाही.

प्रश्न: दुकानात भांडं हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं?

घाई करू नका, दहा मिनिटं द्या. भांडं उजेडात न्या.

पहिल्यांदा आतलं बूड. मोबाइलचा दिवा वरून मारू नका, काठापासून आडवा तिरका मारा. सरळ प्रकाशात जे दिसत नाही ते तिरक्या प्रकाशात सावली टाकतं. टाचणीच्या टोकाएवढी काळी भोकं दिसली तर ते भांडं परत द्या. ओतताना बिडात अडकलेला वायू भट्टीत बाहेर पडतो आणि काचेत भोक ठेवून जातो. त्या भोकातून पाणी लोखंडापर्यंत पोचतं, आत गंज धरतो आणि भोवतालची काच सुटायला लागते. फुगलेला बुडबुडाही आतल्या बुडावर नको, कारण त्याच्यावरची काच कागदासारखी पातळ असते आणि उलथन्याच्या पहिल्या घावाला फुटते. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित लाटालाटांचा असेल तर चालेल. बाहेरच्या रंगात फिकं-गडद असेल तरी चालेल. काठाखाली किंवा बुडाच्या कडेला दोन-तीन बारीक ठिपके दिसले तर ते भट्टीत भांडं ज्या टेकूंवर ठेवतात त्यांचे असतात, तो दोष नाही.

मग काठ. भांड्याच्या आणि झाकणाच्याही काठावरून बोट सावकाश फिरवा. टोचलं, खरखरीत टोक लागलं तर तिथली काच आधीच तुटलेली आहे किंवा तुटणार आहे. टवके उडायला सुरुवात होते ती बहुतेक काठापासूनच. काठावर चकचकीत रंगाऐवजी काळपट, मंद थर असेल तर बिचकू नका. पुष्कळ कंपन्या काठावर मुद्दाम फक्त खालचा अस्तराचा थर ठेवतात, कारण चकचकीत जाड थर झाकणाच्या घर्षणाने उडतो.

झाकण ठेवा आणि समोरासमोरच्या दोन कडा बोटांनी आळीपाळीने दाबा. टकटक वाजलं तर झाकण डुगडुगतंय. पाव फिरवून पुन्हा दाबा, असं चारही बाजूंनी करा. एखाद्या स्थितीत अगदी किंचित डुगडुगणं स्वस्त भांड्यात सहन करता येतं. चारही स्थितींत डुगडुगत असेल तर भांडं किंवा झाकण वाकडं आहे. त्याच दुकानातल्या दुसऱ्या नगाचं झाकण लावून पाहा, कधी कधी तेवढ्यानं काम होतं.

नाद ऐका. झाकण बाजूला ठेवा, भांडं एका कानाने धरून अधांतरी उचला आणि लाकडी डावाने भिंतीवर हलकं टिचकावा. अखंड बीड घंटेसारखं थोडा वेळ वाजतं. आवाज बसका किंवा चिरका आला तर लोखंडातच तडा असू शकतो, आणि तो एनॅमलखाली दिसत नाही. बीड कडक असलं तरी ठिसूळ असतं. वाहतुकीत आपटलं की वाकत नाही, तडकतं.

भांडं उपडं करा आणि बुडावर पट्टी उभी धरून पट्टीखालून उजेड येतो का पाहा. मध्ये किंचित खोलगट असेल तर गॅसवर फरक पडत नाही. मध्ये फुगीर असेल तर काचेच्या शेगडीवर ते भोवऱ्यासारखं फिरेल, घेऊ नका.

शेवटी कान. जाड फडकं हातात घेऊन दोन्ही कान धरा. चारही बोटं आत जायला हवीत. पुष्कळ स्वस्त भांड्यांत पैसे वाचवले जातात ते इथेच. कान लहान आणि भिंतीला चिकटून असतात, दोनच बोटं मावतात. आठ किलो गरम भांडं दोन बोटांवर उचलणं धोक्याचं आहे. बाकी सगळं चांगलं असलं तरी अशा कानांचं भांडं सोडून द्या.

ऑनलाइन मागवलं असेल तर हीच तपासणी खोका उघडल्याबरोबर, भांडं धुण्याआधी करा आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोका फेकू नका.

प्रश्न: दिसायला अगदी तसंच, पण हलकं आणि आणखी स्वस्त भांडं मिळतंय. घ्यावं का?

ते बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचं आहे आणि आत न चिकटणारा लेप आहे. लोहचुंबक बुडाला, भिंतीला आणि झाकणाला लावा. भिंतीला चिकटला नाही तर ते बीड नाही. फक्त बुडालाच चिकटला तर ॲल्युमिनियमच्या भांड्याला इंडक्शनसाठी लोखंडी चकती बसवलेली आहे. सगळीकडे चिकटला पण २४ सेंमीचं भांडं दीड-दोन किलोच भरलं, तर ते पत्र्याचं एनॅमल.

यांतलं कुठलंच भांडं टाकाऊ नाही, पण ते वेगळं आहे. पातळ पत्र्याचं एनॅमल दूध-पाण्याला ठीक, घट्ट पदार्थ त्यात लगेच बुडाला लागतो. ‘सिरॅमिक कोटिंग’ लिहिलं असेल तर तो भट्टीत वितळवलेला काचेचा थर नव्हे. तो कमी तापमानाला सुकवलेला लेप असतो आणि रोजच्या वापरात त्याचा गुळगुळीतपणा एनॅमलपेक्षा खूप लवकर जातो. बिडाची किंमत मोजून तो घेऊ नका.

प्रश्न: आतून पांढरट घ्यावं की काळं?

पहिलंच भांडं असेल तर पांढरट. परतताना बुडाशी धरलेली खरवड सोनेरी आहे, तपकिरी आहे की करपायला आलीय, हे पांढऱ्यावर दिसतं. काळ्यावर वास आल्यावरच कळतं. पांढऱ्यावर डाग पडतात, पण डाग म्हणजे बिघाड नव्हे.

काळ्या, मंद पोताच्या एनॅमलला बारीक खरखर असते, तिच्यात तेल धरतं. काही महिन्यांनी त्यात मांस जास्त चांगलं परतलं जातं आणि डाग दिसत नाहीत. ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठी काळं उत्तम. दोन्ही काचच, धुण्याचे आणि तापवण्याचे नियम सारखेच.

प्रश्न: नवं भांडं आणलं, पण सगळं चिकटतं. एनॅमल खराब निघालं का?

एनॅमलमध्ये दोष नाही, आच मोठी आहे. पातळ पातेल्यावर हात बसलेला असतो. त्यात मोठ्या आचेवर सुरुवात करून पदार्थ लागायला लागला की आच कमी केली, लगेच पातेलं निवतं. बीड तसं निवत नाही. आच कमी केल्यावरही दोन-तीन मिनिटं ते तितकंच गरम राहतं आणि तेवढ्यात पदार्थ लागतो. म्हणून आच आधीच कमी करायची.

असं करून पाहा. थंड भांड्यात आधी दोन चमचे तेल घाला, कोरडं भांडं तापवू नका. मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. भांडं तिरकं केल्यावर तेल पाण्यासारखं पातळ होऊन पटकन ओघळलं की तापलं. मांस किंवा पनीर असेल तर ते फडक्याने टिपून कोरडं करा. ओलं असलं की तापमान पडतं आणि ते काचेला धरतं. घातल्यावर तीन-चार मिनिटं हलवू नका. खाली तांबूस पापुद्रा धरला की ते आपणहून सुटतं. ओढावं लागत असेल तर अजून व्हायचंय. कांद्याला मात्र सुरुवातीपासून ढवळत राहा आणि बुडाशी तपकिरी दिसू लागलं की दोन चमचे पाणी घालून लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. ती खरवड रस्स्यात विरघळली की चव येते, तिला वाया घालवू नका.

रस्सा एकदा उकळला की आच जितकी लहान करता येईल तितकी करा. रटरटायला नको, अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. भात किंवा कडधान्य होत आलं की शेवटची पाच-सात मिनिटं आच बंदच करा. भांड्यात धरलेल्या उष्णतेवर ते पूर्ण होतं.

गॅसची ज्वाळा बुडाच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेली ज्वाळा अन्न शिजवत नाही, कान तापवते आणि बाहेरचं एनॅमल काळवंडवते.

प्रश्न: रोजचं सगळंच यात करता येईल का?

करता येईल, पण कशासाठी? निव्वळ पाणी उकळायला, चहाला, पटकन परतायच्या भाजीला हे भांडं चुकीचं आहे. चार किलो लोखंड उकळीच्या तापमानापर्यंत न्यायला जितकी उष्णता लागते तितकीत जवळपास साडेचारशे मिली पाणी उकळलं असतं. पदार्थ तास-दीड तास मंद शिजणार असेल तर तो खर्च वसूल होतो, पाच मिनिटांच्या कामात होत नाही. ज्या घरात आठवड्यातून तीन-चारदा कडधान्य, मांस, दाट सूप किंवा टोमॅटोचा रस्सा मंद आचेवर शिजतो तिथे घ्यावं. बाकीच्यांनी स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घेतलं तर ते कुठेही कमी पडणार नाही.

प्रश्न: इंडक्शनवर चालतं का? काच फुटेल अशी भीती वाटते.

उत्तम चालतं. शेगडीच्या काचेला धोका असतो तो भांडं आपटण्याचा आणि सरकवण्याचा. नेहमी उचलून ठेवा. बुडाला वाळूचा एक कण चिकटलेला असला तरी ओरखडा उठतो, म्हणून ठेवण्याआधी बूड पुसा.

जास्त जपायला हवं ते भांड्याच्या एनॅमलला. इंडक्शन थेट लोखंडातच उष्णता निर्माण करतं, तीही फक्त शेगडीतल्या तारेच्या वेटोळ्याच्या वर. वेटोळं १८ सेंमीचं आणि बूड २२ चं असलं तर मधला भाग वेगाने फुगू पाहतो आणि कडेचा भाग थंडच राहतो. सर्वांत वरच्या शक्तीवर रिकामं भांडं ठेवलं तर एनॅमल तडकायला फार वेळ लागत नाही. ‘बूस्ट’चं बटण या भांड्यासाठी विसरा. दहापैकी तीनवर सुरुवात करा, पाच मिनिटांनी पाच-सहावर न्या, त्याच्यावर जायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

प्रश्न: झाकणाची गुंडी काळ्या प्लास्टिकची आहे. ओव्हनमध्ये चालेल?

माहितीपत्रकात तापमान पाहा. अशा गुंड्यांची मर्यादा काही भांड्यांत १९० अंश असते, काहींत २५० च्या आसपास. लिहिलेलं नसेल तर १९० च्या वर जाऊ नका. घरी ब्रेड भाजणाऱ्यांना २३० अंश लागतात, त्यांनी स्टीलची गुंडी बसवावी. आधी झाकणाच्या भोकाचा व्यास आणि जुन्या स्क्रूची लांबी मोजून घ्या. आवळताना बोटांनी घट्ट, मग पान्याने पाव फेरा, बास. जास्त आवळलं की भोकाच्या कडेचं एनॅमल उडतं.

प्रश्न: गरम भांड्यात नळाचं पाणी सोडलं आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या. हे का झालं?

काच दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून एनॅमल असं बनवतात की ते लोखंडापेक्षा किंचित कमी प्रसरण पावतं. भट्टीतून निघून निवताना लोखंड जास्त आकसतं आणि काचेला आवळून धरतं, म्हणजे काच कायम दाबाखाली असते. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं की पाणी लागलेली काच क्षणात आकसते आणि खालचं लोखंड अजून फुगलेलंच असतं. काच ताणली जाते आणि तडकते. कोरडं भांडं मोठ्या आचेवर तापवण्यानेही हेच होतं, कारण आवळून धरणारं लोखंडच फुगून काचेला ताणू लागतं.

आता काय करायचं ते रेषांवर ठरेल. रेषेवरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल, कुठून काच सुटत नसेल तर भांडं वापरा, पण दर महिन्याला पाहत जा. रेषा तपकिरी होत चालल्या, म्हणजे ओल लोखंडापर्यंत जातेय. नख अडकू लागलं की थांबा. इथून पुढे भांडं उतरवल्यावर वीस-तीस मिनिटं तसंच निवू द्या. रस्सा पातळ करायचा असेल तर गरम पाणी घाला. फ्रिजमधून काढलेलं भांडं थेट आचेवर ठेवू नका.

प्रश्न: करपलेलं कसं काढायचं? आणि आत करड्या रेघा पडल्यात, त्या जात नाहीत.

करपलेल्या भागावर दोन बोटं पाणी येईल इतकं पाणी घाला, दर लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा टाका, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि लाकडी उलथन्याने हळूहळू सोडवा. निघालं नाही तर ते पाणी रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा उकळा. दुसऱ्यांदा बहुतेक निघतंच. तारेची घासणी आणि सुरीचं टोक लावू नका. काचेवर चरे पडले की त्यांत अन्न धरतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर चिकटतं.

करड्या रेघा बहुतेक वेळा चरे नसतात. एनॅमल स्टीलपेक्षा कठीण, त्यामुळे स्टीलचा चमचा घासला की चमच्याचंच धातू काचेवर उतरतं, पाटीवर पेन्सिल ओढावी तसं. सोड्याची दाट पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल चोळा. एक-दोन वेळांत जातात. चमचा लाकडाचा किंवा सिलिकॉनचा ठेवा आणि ढवळून झाल्यावर तो काठावर ठोकायची सवय सोडा. काठाचे पुष्कळ टवके त्या ठोकण्यानेच उडतात.

पाण्यातल्या क्षारांचा पांढुरका थर बसला असेल तर एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, दहा मिनिटं कोमट ठेवून धुवा. डाग काढायला कुणी ब्लीच सुचवतं. वापरायचंच असेल तर फार विरळ करून आणि एकटंच. व्हिनेगरबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

प्रश्न: काठाला तांबूस गंज येतो.

काठावरचा थर पातळ असतो, तिथे गंज येणारच. घासणीच्या मऊ बाजूने काढा, पूर्ण कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. झाकण उपडं ठेवा किंवा मध्ये कागदाची घडी घाला, म्हणजे आतली ओल उडून जाईल. डिशवॉशरमध्ये टाकत असाल तर ते बंद करा. भांडं टिकतं, पण चकाकी जाते आणि काठ लवकर गंजतो.

प्रश्न: स्वस्त एनॅमलमध्ये शिसं किंवा कॅडमियम असतं असं ऐकलं. जुनं, वापरलेलं भांडं घेणं सुरक्षित आहे का?

लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांसाठी कॅडमियमची रंगद्रव्यं वापरली जातात, हे खरं. पण ती बाहेरच्या थरात असतात आणि काचेत बांधलेली असतात. अन्नाला लागणारा थर बहुधा पांढरा, पिवळसर पांढरा किंवा काळा असतो. नवं भांडं घेताना विक्रेत्याला किंवा कंपनीला एक नेमका प्रश्न विचारा: अन्नात धातू उतरण्याची चाचणी, आयएसओ ४५३१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, केली आहे का? या चाचणीत व्हिनेगरमधलंच आम्ल विरळ करून भांड्यात ठरावीक वेळ ठेवतात आणि त्यात किती धातू उतरले ते मोजतात. क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राचे आकडे पुष्कळदा दाखवले जातात. ते थरात एकूण किती धातू आहे ते सांगतात, अन्नात किती उतरतो ते नाही. दोन्ही आकड्यांची गल्लत करू नका. कंपनी उत्तरच देत नसेल तर दुसरी पाहा.

वापरलेलं भांडं घ्यायला हरकत नाही, पण ओळखीच्या कंपनीचं आणि आतून अखंड चकाकी असलेलंच. आतला थर खडूसारखा मंद झाला असेल, बोटाला खरखरीत लागत असेल, तर तो आम्लांनी किंवा डिशवॉशरच्या पावडरीने झिजलेला आहे. कुणी बनवलं ते कळत नाही आणि आत भडक रंग आहे, असं जुनं भांडं स्वयंपाकाला नको. नव्या भांड्यातही आंबट, खारट पदार्थ शिजवा खुशाल, पण रात्रभर त्यातच साठवू नका.

प्रश्न: आतल्या बुडावर काळा ठिपका दिसतो. टवका उडालाय की काही चिकटलंय, कसं ओळखायचं? आणि टवका असेल तर रंग लावून बुजवता येतो का?

आधी सोड्याच्या पाण्यात उकळून घ्या, चिकटलेलं असेल तर सुटेल. राहिला तर नख फिरवा. चिकटलेलं वर उंच लागतं, टवक्याच्या कडेवरून नख खाली खड्ड्यात उतरतं. तरी शंका असेल तर बुडावर थोडं पाणी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी ठिपका नारिंगी झाला असेल तर खाली उघडं लोखंड आहे.

टवका असेल तर स्वयंपाक थांबवा. उघडं लोखंड पोटात जाण्याचा धोका नाही, ते तर साध्या बिडाच्या तव्यातही असतं. धोका आहे तो टवक्याच्या कडेच्या काचेचा. तिच्याखाली आता ओल आणि गंज शिरतो, प्रत्येक तापवण्या-निवण्याला ती थोडी थोडी सुटते आणि तिचे कण अन्नात पडतात. बाजारात मिळणारे एनॅमल दुरुस्तीचे रंग हे साधे रंग किंवा राळ असतात. ते काच होत नाहीत आणि शेगडीच्या तापमानाला अन्नाखाली टिकत नाहीत, त्यामुळे आतून कधीही लावू नका. पुन्हा एनॅमल करायचं तर जुना थर पूर्ण काढून भट्टीत घालावं लागतं, स्वस्त भांड्याच्या बाबतीत ते नव्या भांड्याहून महाग पडतं.

हमीची मुदत पाहा आणि फोटो पाठवा. आपटल्याची खूण नसेल आणि टवका मूळच्या बुडबुड्यावर उडाला असेल तर कंपन्या पुष्कळदा बदलून देतात. टवका बाहेरच्या बाजूला किंवा कानावर असेल तर मात्र भांडं बाद नाही. धुऊन कोरडं करा, तेलाचं बोट लावा आणि वापरत राहा. आतून गेलेल्या भांड्याचं झाकण चांगलं असलं तर तेवढं ठेवून द्या. त्याच व्यासाच्या स्टीलच्या पातेल्यावर ते छान बसतं आणि त्याच्या वजनामुळे वाफ आत राहते.